लॅचची दोरी

चोर दार तोडून आला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पोलिसांपासून घरमालकापर्यंत आणि ठाण्याच्या आत्येपासून माझ्या कामावरच्या पोरींपर्यंत सगळ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की दार तोडलं कसं? अहो, नाही तोडलं. दोरी ओढली आणि आला. भरदुपारी, लख्ख उजेडात, पायात चपला घालून.

आता दोरीचं सांगायला हवं. आमची मुलुंडची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा मी आणि बाबा दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. घरात आम्ही दोघंच. आई जुन्या घरातच गेली आणि माझं लग्न टिकलं नाही, एवढं सांगितलं की बाकी आमच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक दाराच्या लॅचला दोरी असायची. कुणाकडे सुतळी, कुणाकडे परकराचा नाडा. दाराला भोक पाडून दोरीचं टोक बाहेर सोडायचं आणि त्याला गाठ मारायची. दिवसा दार नुसतं लोटलेलं असायचं, मांजर आत येऊ नये एवढ्यापुरतं. ज्याला यायचं तो दोरी ओढून आत. बेल होती, पण ती वर्गणीवाल्यांसाठी. बेल वाजली की घरातले उठून उभे राहायचे, कोण आलं बाबा म्हणून. दोरी ओढली की कुणी मान वर करायचं नाही, कारण दोरी ओढणारा आपलाच. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "ये गो." किंवा "ये रे, बस." कोण आलंय ते मागाहून बघायचे.

भाड्याच्या घरात मालकाने खिळा मारायचीसुद्धा परवानगी दिली नव्हती, मग भोक कुठलं पाडायला देतोय. पण दाराच्या पीपहोलची काच कधीचीच पडली होती. बाबांनी पहिल्याच आठवड्यात जुन्या घराची हिरवी नायलॉनची दोरी त्या भोकातून ओवली. बाहेरच्या जाळीच्या दाराला नुसती कडी होती, ती जाळीतून हात घालून कुणालाही निघायची. मी काही बोलले नाही. मलाही ती दोरी बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शिवाय सोय होती. मी दिवसभर घाटकोपरला, डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर. बाबांचे गुडघे गेलेले. डबा देणारी बाई आली, केमिस्टचा माणूस आला, तर पलंगावरून उठून दारापर्यंत यायला त्यांना केवढा तरी वेळ लागायचा. दोरी असली की ते आपले बसल्या जागेवरून "ये गो".

अजून एक गोष्ट. बाबा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्याच एका कंपनीच्या गेटवर लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच होते. गेटवरचा माणूस. कोण आलं, कुणाकडे आलं, काय काम आहे. आमच्याकडे पाहुणे आले की ते त्या गेटवरचे किस्से सांगायचे आणि सांगताना मांडी बदलून ताठ बसायचे.

त्या दिवशी संध्याकाळी मी आले तेव्हा बाबा पलंगावर ताठ बसले होते. अंगात शर्ट, सगळी बटणं लावलेली. एरवी घरात ते बनियनवर असतात. मला वाटलं कुणी येऊन गेलं. म्हटलं, "कोण आलेलं?" तर बोलेनात. मग आत गेले.

आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट भिंतीपासून तिरकं सरकवलेलं होतं. माझ्या साड्या जमिनीवर, त्यांच्यावर चपलेचे ठसे. आईची जुनी लुगडी उलगडून माझ्या पलंगावर टाकलेली. तांदळाचा डबा पालथा. त्या डब्यात आईचं मंगळसूत्र होतं, रुमालात गुंडाळून. आमच्या सगळ्या आया तिथेच ठेवतात, आणि हे चोराच्या आयांना माहीत नसेल असं आम्ही का समजतो कोण जाणे. मंगळसूत्र गेलं. रुमाल तेवढा तांदळात राहिला.

आधी राग नाही आला, आधी किळस आली. माझ्या आतल्या कपड्यांचा खण उघडा होता. कुणीतरी त्यात हात घातला होता. काहीच नव्हतं तिथे, तरी हात घालून गेला मेला.

"बाबा, काय झालं हे?"

"माका झोप लागलली," बाबा म्हणाले. "काय कळला नाय."

पोलीस आले. पंचनामा करणारा बरा माणूस होता, पण दोरी बघितल्यावर त्यालाही राहवलं नाही. "ताई, हे काय, आमंत्रण दिलंय का?" बाबांनाही विचारलं, काका, काहीच आवाज नाही आला? बाबा मालवणी सोडून एकदम गेटवरच्या मराठीत म्हणाले, "नाही साहेब. मी झोपलो होतो." समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, एक माणूस दिसला होता खरा, हातात टूलची पिशवी होती, पण दोरी ओढून आत गेला म्हणून वाटलं घरचाच कुणी असेल. त्यांना काय बोलणार? आमचाच नियम त्यांनी पाळला होता.

मालकाचा फोन आला. झालं ते वाईट झालं वगैरे म्हणून झाल्यावर तो म्हणाला, म्हातारं माणूस असं एकटं टाकता, बिल्डिंगचं नाव खराब होतं, अ‍ॅग्रीमेंट संपताना आपण बोलू. अस्सा संताप आला! आतल्या खोलीत पावसाळ्यापासून ओल होती, कपाटामागची भिंत पोपडे धरून गळत होती. हजार वेळा फोन केले, माणूस पाठवतो, माणूस पाठवतो. अजून पाठवतोय. मी त्याला तसं म्हटलं. तर म्हणतो, तो विषय वेगळा आहे.

पुढचे काही दिवस मी घर धूत होते. दुसरं काय करतो माणूस. साड्या दोनदा धुतल्या, आईची लुगडी धुतली, लाद्या फिनाईलने पुसल्या. तांदूळ तेवढा टाकवेना म्हणून निवडून ठेवला आणि मग खाववेना म्हणून टाकला. झोपताना कपाटाकडे पाठ करता यायची नाही. कामावर काउंटरला कुणी टूलची पिशवी घेऊन उभा राहिला की माझ्या हातातलं पेन थांबायचं. लोक म्हणायचे, जीवावर बेतलं नाही ना, सोनं काय, परत करता येईल. बोलायला काय जातं!

आणि बाबा गप्प. जेवायचे, गोळ्या घ्यायचे, खिडकीतून पत्र्यांच्या पलीकडे वर येणारे आमच्या नव्या बिल्डिंगचे खांब बघायचे, पण बोलायचे नाहीत. शर्ट मात्र घरातही अंगातच.

मग एका रविवारी मी आतल्या खोलीत ते कपाट पुन्हा भिंतीला लावायला लागले. एकटीला सरकेना. मी आपली स्वतःशीच बडबडत होते, की हे धूड त्या हरामखोराने एकट्याने सरकवलं तरी कसं. बाबा दारात काठीवर टेकून उभे होते. म्हणाले, "उजवीकडून उचलूक होया. तसा तेका मी सांगलंय."

मला कळलंच नाही आधी. मी कपाट धरून तशीच उभी.

"कुणाला सांगितलंत?"

ते तिथेच खुर्चीवर बसले आणि सगळं बोलून मोकळे झाले. झोपले नव्हतेच. दोरी ओढल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, "ये रे, बस." डोकं वर केलं तर अनोळखी माणूस. पण तोवर बोलावून झालं होतं. त्या माणसाने एक क्षणही घालवला नाही. म्हणाला, काका, ओल बघायला आलोय. मुंबईत कुठल्याही जुन्या घरात जाऊन ओल बघायला आलोय म्हणा, लोक तुम्हाला देवासारखे आत घेतील. बाबा खूश झाले. मालकाने अखेर माणूस पाठवला. त्यांनीच त्याला सांगितलं की ओल आतल्या खोलीत आहे, कपाटामागे. कपाट उजवीकडून उचलून सरकव, डावीकडचा पाय हलतोय. मग त्याला तहान लागली असेल म्हणून फ्रीजमधली बाटली दाखवली. तो पाणी प्यायला. मग आत गेला, आणि बाबा बाहेर बसून त्याला गेटवरचे किस्से सांगत राहिले. मोठ्याने, आत ऐकू जावेत म्हणून. आतून तो हां काका, हां काका करत होता.

"जाताना तो म्हणालो, मालकाक सांगतंय, दोन दिवसात काम करतलो," बाबा म्हणाले. "मी म्हटलंय, देव बरा करो तुझा."

मागाहून आत गेले तेव्हा कळलं. तेव्हा ते ओट्यापर्यंत गेले, ज्या ग्लासातून तो पाणी प्यायला होता तो घासून उपडा घातला, आणि शर्ट घालून बसले.

मला हसावं की रडावं कळेना. खरं तर हसूच आलं आधी, ते किस्से ऐकत कपाट उचकणारा चोर डोळ्यासमोर येऊन. मग बाबांचा चेहरा बघितला. "आयुष्यभर दुसऱ्यांचा गेट राखलंय बाय," ते म्हणाले, "एक खिळो बाहेर जाऊक दिलंय नाय. आणि तुझ्या आवशीचा मंगळसूत्र मी हातानी दिलंय." मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो त्यांनी हळूच बाजूला केला.

दोरी त्यांनीच कापली. विळीवर, मी कामावर गेलेली असताना. वर केमिस्टच्या माणसाकरवी कारपेंटरला निरोप धाडून दाराला आतून दोन कड्या मारून घेतल्या, एक वर, एक खाली. मालकाला विचारलं नाही. मी आले तर दार बंद. बेल वाजवली. आतून आवाज आला, तो मी लहानपणी ऐकलेला, कंपनीच्या गेटवर डबा द्यायला गेल्यावर यायचा तसला. "कोण? काय काम आहे?"

"बाबा, मी."

मग काठीचा आवाज, मग वरची कडी, मग बराच वेळ खालची कडी. घामाघूम झाले होते.

यावरून आमची खूप भांडणं झाली. मी म्हटलं, मी बाहेरून कुलूप लावून जाते, तुम्हाला उठायला नको. तर भडकले. गुरांना गोठ्यात कोंडतात तसं मला कोंडणार? मग म्हटलं, एक चावी माझ्याकडे, एक डब्यावाल्या बाईकडे, आतून कडी लावू नका. ते म्हणाले, चावीचा लॅच कोणीपण उघडता. मग म्हटलं, मी दिवसा बाई ठेवते. दोन बायका ठेवल्या. पहिलीला त्यांनी इतके प्रश्न विचारले की ती दुपारीच निघून गेली, दुसरीला दारातूनच परत पाठवलं. डब्यावाली बाई डबा जाळीत ठेवून जायला लागली. ती म्हणाली, "ताई, आधी काका 'ये गो' म्हणायचे तर बरं वाटायचं. आता मला माझंच चोरासारखं होतं." मी तरी काय सांगू तिला? मलाही तसंच होत होतं, माझ्याच घराच्या दारात.

आणि मग ती संध्याकाळ. मी बेल वाजवली. आतून "कोण?" आलं, पण खालून. म्हणजे आवाज दाराच्या तळातून आला. माझ्या हातातली भाजीची पिशवी पडली.

"बाबा, मी. काय झालं?"

"काय नाय. थांब. येतंय."

"पडलात का?"

"येतंय म्हटलंय मा!"

ते येऊ शकत नव्हते. डबा घ्यायला म्हणून उठले होते, खालची कडी काढायला वाकले आणि तिथेच कोसळले, दाराला लागून. दुपारपासून तसेच पडले होते. समोरच्या वहिनी बाहेर आल्या, वॉचमन आला, खालचा कारपेंटर आला, ज्याने त्या कड्या मारल्या होत्या तोच. चावी माझ्या मुठीत होती आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता. पीपहोलचं भोकसुद्धा त्याच कारपेंटरने लाकडाचा तुकडा ठोकून बुजवलेलं. खिडक्यांना ग्रिल.

कारपेंटरने वर आणि खाली फळी कापली, हात घालून कड्या काढल्या. पण दार आत उघडतं आणि आत दाराला लागून माणूस. मी दाराशी खाली बसून सांगत होते, बाबा, जरा सरका, आम्ही हळू ढकलतोय. ते म्हणाले, सरकूक जमत नाय. आतापर्यंत ते एकदाही कण्हले नव्हते. मग आम्ही ढकललं. दाराबरोबर ते लादीवर सरकत गेले आणि ओरडले. तो आवाज मी लिहू शकत नाही. मीच म्हणत होते, ढकला, अजून ढकला. दुसरा काही मार्ग नव्हता, आणि ते मला माहीत आहे, तरी रात्री कुशीवर वळले की तो आवाज येतोच.

पहिल्यांदा दार तुटलं नव्हतं. या वेळी तुटलं, आणि तोडलं ते आम्ही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला. डॉक्टर म्हणाले, या वयात चालतील की नाही सांगता येत नाही. नाही चालले. घरी आणलं ते स्ट्रेचरवरून, बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर. तोवर दाराला मी नवी फळी ठोकून घेतली होती. मालक ओरडला, ओरडू दे. त्या फळीला मी कारपेंटरकडून भोक पाडून घेतलं आणि बाजारातून नवी दोरी आणून ओवली. कड्या काढून टाकल्या. कारपेंटर माझ्याकडे बघतच राहिला. वहिनी म्हणाल्या, एवढं झाल्यावर पुन्हा? मी म्हटलं, हो, पुन्हा. चावी असते एकाकडे आणि तो एक नेमका घाटकोपरला असतो. दोरी तुम्ही ओढू शकता, वॉचमन ओढू शकतो, डब्यावाली ओढू शकते. चोरही ओढेल. ओढू दे, आता त्याला न्यायला काय उरलंय आमच्याकडे? पण माझा बाप पुन्हा दाराशी पडून राहणार नाही.

बाबांनी पहिल्याच दिवशी दोरी बघितली.

"ती कोणी लायली?"

"मी."

"काढ ती."

"नाही काढणार."

मला वाटलं आता आरडाओरडा करतील. नाही केला. मग म्हणाले, "मगे पलंग फिरव."

"कशाला?"

"दाराकडे तोंड होया. आणि माझी काठी दी हातात."

मी आणि वहिनींनी मिळून पलंग फिरवला. खिडकी आता त्यांच्या डोक्यामागे गेली आहे. आमच्या नव्या बिल्डिंगचे खांब कितीही वर गेले तरी त्यांना दिसत नाहीत, आणि ते विचारतही नाहीत. दिवसभर ते उजव्या हातात काठी धरून दाराकडे बघत पडलेले असतात. डब्यावाली म्हणते, मी आत गेले की काका काठी उगारतात, मग ओळखतात. एकदा तिच्या हाताला लागलीही. तरी ती येते, हे तिचे उपकार.

मी संध्याकाळी येते तेव्हा आधी बाहेरून मोठ्याने सांगते, "बाबा, मी आहे." मग वाट बघते. आत काठी खाली टेकल्याचा आवाज आला की दोरी ओढते. काही दिवस तो आवाज लवकर येतो. काही दिवस येतच नाही, आणि मी भाजीची पिशवी घेऊन आमच्याच दारात उभी राहते, पुन्हा सांगते, मी आहे, बाबा, मी. कधी वाटतं ते म्हणतील, "ये गो." अजून म्हणालेले नाहीत.